सोलचे दोन म्हातारे वस्ताद आणि मुंबईच्या तालमी: कागदावर नसलेल्या इतिहासाचे काय करावे?

१/ माझगावात, डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळच, नवाब टँक परिसरात एक जुनी दुमजली वास्तू आहे. चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील ‘सी यिप’, म्हणजे ‘चार परगणे’, येथून मुंबईत आलेल्या लोकांनी १९१९ साली उभारलेले हे मंदिर. इथला देव क्वान कुंग. इ.स. २२० च्या सुमारास मारला गेलेला सेनापती क्वान यू मृत्यूनंतर शौर्याचा आणि न्यायाचा देव झाला, तोच हा. #थ्रेड

२/ जहाजांवर, गोदीत आणि दुकानांत राबणाऱ्या चिनी वस्तीचे हे श्रद्धास्थान. १९६२ च्या युद्धानंतर देशभर चिनी वंशाच्या रहिवाशांवर संशयाची छाया पडली आणि अनेक कुटुंबे परागंदा झाली. वास्तू राहिली, तिच्याभोवतीचे आयुष्य सांगू शकणारी माणसे विरळ झाली. वास्तूचे छायाचित्र कोणालाही काढता येते. वस्तीची आठवण मात्र कोणीतरी विचारल्याखेरीज हाती लागत नाही.

३/ हाच देव कोरियातही पोचला आहे. १५९२ ते १५९८ या काळात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा मदतीला आलेल्या मिंग फौजेबरोबर क्वान यूची उपासनाही आली. १६०१ मध्ये सोलच्या पूर्व वेशीबाहेर त्याचे ‘तोंगम्यो’ हे मंदिर पूर्ण झाले. त्याच युद्धाच्या धक्क्याने कोरियन दरबार युद्धविद्या लिहून काढण्याच्या कामाला लागला.

४/ त्या प्रयत्नांचा कळस म्हणजे राजा जोंगजोच्या आज्ञेने १७९० साली सिद्ध झालेला ‘मुये दोबो तोंगजी’ हा सचित्र ग्रंथ. त्यात चोवीस युद्धप्रकार आहेत, भाला आहे, तलवार आहे आणि क्वान यूच्या हातात असते तशी चंद्राकार पात्याची दांडपट्टीही आहे. इतका काटेकोर ग्रंथ जवळ असलेल्या देशाला आपली युद्धविद्या हरवण्याची भीती नसावी, असे कोणालाही वाटेल. घडले उलटे.

५/ कारण सोलच्या गल्ल्यांत पोरे आणि तरुण जो पायांचा खेळ खेळत, तो ‘तेक्योन’ या दरबारी ग्रंथात नव्हताच. १९१० ते १९४५ या जपानी राजवटीत तो जवळजवळ लोपला. त्याची संथा एका माणसाच्या देहात शिल्लक राहिली. सोंग डोक-गी, जन्म १८९३, सोलच्या साजिक-दोंग वस्तीतले. बालवयात इम हो नावाच्या वस्तादाकडे ते हा खेळ शिकले होते.

६/ पुढे शिन हान-सुंग नावाचा अभ्यासक या वृद्धाकडे आला. त्याने विचारले, शिकले, टिपून घेतले आणि विस्कळीत खेळाला अभ्यासक्रमाची चौकट दिली. १९८३ मध्ये दक्षिण कोरियाने तेक्योनला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. १९८७ मध्ये गुरू आणि अभ्यासक दोघेही निवर्तले. मधली फट अवघी चार वर्षांची. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत तेक्योनचे नाव आले, त्यामागे ही चार वर्षे आहेत.

७/ मात्र ही कथा निव्वळ विजयाची नाही. शिनने आखलेली चौकट आणि सोंग यांच्या शरीरातला मूळ खेळ एकच होता का, यावर तेक्योनच्या निरनिराळ्या शाखांत पुढे वाद झाले. मुलाखत घेणारा रिकाम्या हातांनी येत नाही. त्याच्या झोळीत त्याच्या अपेक्षा असतात. मुलाखत विद्येला वाचवते आणि त्याच वेळी तिला आकारही देते. म्हणून वस्तादाचे उत्तर जितके मोलाचे, तितकाच त्याला विचारलेला प्रश्नही नोंदवून ठेवण्याजोगा.

८/ आता दुसरा म्हातारा. तायक्वांदो ही दोन हजार वर्षांची अखंड कोरियन परंपरा आहे, असे दीर्घकाळ शिकवले गेले. वस्तुतः हे नाव १९५५ मध्ये पुढे आले. सोलमधल्या आरंभीच्या आखाड्यांपैकी ‘चुंग दो क्वान’ १९४४ साली सुरू करणारे ली वॉन-कुक (१९०७–२००३) यांचे शिक्षण झाले होते टोकियोत, कराटेचे, गिचिन फुनाकोशी यांच्या परंपरेत.

९/ ली उतारवयात अमेरिकेत स्थायिक झाले. तिथे त्यांना गाठून प्रश्न विचारले गेले. ज्यांनी वसाहतीचा अपमान सोसला, त्या राष्ट्राला आपल्या लाडक्या खेळाचे मूळ जपानमध्ये सापडणे रुचणारे नव्हते. हे दुःख समजण्यासारखे आहे. पण पहिल्या पिढीच्या वस्तादांच्या साक्षी आणि उपलब्ध कागद एकत्र ठेवल्यावर नव्या अभ्यासकांना दोन हजार वर्षांचा दावा टिकवता आला नाही. तायक्वांदो त्यामुळे लहान झाला नाही. उलट, अवघ्या काही दशकांत एका पिढीने काय घडवले, हे दिसू लागले.

१०/ एका वृद्धाने विद्या वाचवली, दुसऱ्याने दंतकथा दुरुस्त केली. वस्तादाकडे जाण्याची ही दोन्ही प्रयोजने आहेत. महाराष्ट्रात मात्र पहिल्याचाच गजर होतो. म्हाताऱ्या पैलवानाला फेटा बांधायचा, शाल-नारळ द्यायचे, छायाचित्र काढायचे आणि निघायचे. सत्कार हे ऋण फेडणे झाले. इतिहास झाला नाही.

११/ परिणाम उघड आहे. विचारपूस नसली की पोकळी दंतकथेने भरते. बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना युद्धविद्या शिकवली, ही कथा भारतात अभिमानाने फिरते. पण तिचा माग सतराव्या शतकातील एका चिनी ग्रंथापाशी थांबतो, बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी. कोरियाच्या दोन हजार वर्षांना हसणाऱ्याने आपल्या या कथेलाही तीच चाळणी लावावी.

१२/ घरचे उदाहरण मल्लखांबाचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी वणीच्या सप्तशृंगी गडावर साधना करून मल्लखांबाची विद्या सिद्ध केली, अशी परंपरा सांगते. पण दादांनी कोणती पकड आधी शिकवली, कोणती सोडली, शिष्यांनी काय बदलले? हे विचारायला कोणी गेले नाही. म्हणून इतिहासाच्या जागी दृष्टान्ताची कथा उरली.

१३/ कागदावरचे काम मराठीत झाले नाही, असे नव्हे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा भगीरथ उद्योग आहे. पण ‘मुये दोबो तोंगजी’ची मर्यादा त्यालाही लागू पडते. चित्रात डावाचा आरंभ दिसतो आणि शेवट दिसतो. मधला श्वास, तोलाची बदली, प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून ओळखलेला त्याचा इरादा, हे देहाकडून देहाकडेच जाते.

१४/ माझगावच्या शेजारी लालबाग-परळ. कोकण-घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी इथे तालमी जोपासल्या. तालीम म्हणजे नुसती लाल माती नव्हे. गावाकडच्या माणसांचा आधार, उत्सवांची तयारी, संपातली फळी आणि कधी दादागिरीचे ठाणेही तीच. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या आवाजांचा मौखिक इतिहास २००४ मध्ये ग्रंथरूपाने आणला. तालमींतल्या वस्तादांसाठी तितक्याच चिकाटीचे काम व्हायला हवे. १९८२ च्या संपात तिशीत असलेला पैलवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

१५/ यावर एक आक्षेप ठरलेला: म्हातारी माणसे विसरतात, फुगवून सांगतात. खरे आहे. पण मग सभासदाची बखर काय आहे? शिवछत्रपतींच्या चाकरीत राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाला राजाराम महाराजांनी जिंजीत आज्ञा केली आणि त्याने आठवणीतून लिहिले. वृद्ध साक्षीदाराला विचारून इतिहास नोंदवण्याची ही अस्सल मराठी रीत. अभ्यासकांनी ती बखर टाकली नाही आणि डोळे मिटून मानलीही नाही; जेधे शकावली आणि अन्य साधनांशी ताडून घेतली.

१६/ वस्तादाच्या बोलण्यालाही हाच न्याय लावावा. ‘कुस्तीचा इतिहास सांगा’ असा प्रश्न केला की ऐकीव गौरवगाथा मिळते. त्याऐवजी विचारावे: पहिल्या दिवशी कोणी मातीत उतरवले? खुराकाचे पैसे कोण देई? कोणाला तालमीत प्रवेश नव्हता? वस्तादाचा कोणता डाव तुम्ही बदललात? तो करून दाखवता येईल का? शक्य तिथे दुसऱ्या तालमीतल्या समकालीनालाही तेच विचारावे. दोन साक्षी जिथे जुळत नाहीत, तिथेच संशोधन सुरू होते.

१७/ आणि मुलाखत देणाऱ्याचा मान राखावा. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी, नंतर एक प्रत त्याच्या घरी, आणि ‘हे छापू नका’ म्हटलेले न छापणे, एवढे पथ्य हवेच. विद्या देणारा हा खाण नव्हे की खोदून निघून जावे.

१८/ इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव पायपीट करत हिंडले, कारण वाळवी थांबत नाही हे त्यांना ठाऊक होते. रुमालात बांधलेला कागद उपेक्षेतही शंभर वर्षे तग धरू शकतो. माणूस तितका थांबत नाही. गडकोटांच्या वाटा तुडवणाऱ्या तरुण अभ्यासकांनी एक रविवार जवळच्या तालमीसाठी राखावा. गड पुढच्या पावसाळ्यानंतरही जागेवर असेल.