सीटच नाही, तरी सायकल! उभ्याने पेडल मारण्याचा फायदा काय?

अमेरिकेतील ब्रायन पेट यांना गुडघे आणि खुब्याच्या दुखण्यामुळे धावणे सोडावे लागले. बसून सायकल चालवणे त्यांना रुचेना. मग अभियंता ब्रेंट टील यांच्यासह त्यांनी उभ्याने चालवायची 'एलिप्टिगो' घडवली. २०१० मध्ये ती बाजारात आली.

चालते कशी?
पाय ठेवायच्या दोन लांब पट्ट्या लंबवर्तुळात फिरतात आणि चेनमधून जोर मागच्या चाकाला मिळतो. पाऊल जमिनीवर आपटत नाही. त्यामुळे व्यायाम धावण्यासारखा, पण सांध्यांना हादरे कमी. सीटचा त्रास नाही, पाठही ताठ राहते.

अडचण कुठे?
उभ्या शरीराला वारा जास्त अडवतो, तोल साधायला सराव लागतो. किंमतही साध्या सायकलच्या कितीतरी पट.

पुणतांब्यात चालेल?
२०१७ च्या शेतकरी संपाने देशभर गाजलेल्या पुणतांब्यासारख्या गावात सायकल म्हणजे केवळ व्यायामाचे साधन नव्हे. कॅरिअरवर दुधाची किटली किंवा चाऱ्याचा भारा हवाच. त्यामुळे परदेशी नमुन्याची नक्कल पुरेशी नाही. ओझे पेलणारी, गावातल्या सायकल दुकानात दुरुस्त होणारी उभी सायकल हवी. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी याहून चांगला विषय कोणता?