मॉरिशसचे ताट

डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत संतापाचा उद्रेक झाला आणि त्याची दखल सर्व वृत्तपत्रांनी सविस्तर घेतली. तिचा दुसरा परिणाम मात्र आपल्याकडे फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. 2024 च्या आरंभी दिल्लीने काही मित्रदेशांना बंदीतून सवलत दिली, त्यांत मॉरिशसच्या वाट्यास 1,200 टन कांदा आला. त्यापूर्वी जुलै 2023 मध्ये पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविण्यात आली होती. तेव्हाही मॉरिशससाठी 14,000 टनांची अशीच वेगळी मुभा द्यावी लागली. एका सार्वभौम राष्ट्राच्या ताटात भात आणि कांदा पडावा की नाही, हे दुसऱ्या राष्ट्राच्या एका अधिसूचनेवर अवलंबून असावे, ही स्थिती त्या राष्ट्राला सुखाची नाही आणि आपल्याला भूषणाची नाही.

सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचा आणि साडेबारा लाखांच्या आसपास लोकवस्तीचा हा देश आपल्या अन्नाचा तीन चतुर्थांश भाग बाहेरून आणतो. जमीन नापीक आहे म्हणून नव्हे. आधी फ्रेंच आणि मग इंग्रज राज्यकर्त्यांनी त्या जमिनीस एकाच पिकाचे व्रत दिले, ते उसाचे. 1834 पासून हिंदुस्थानातून जे गिरमिटिये मजूर नेण्यात आले, त्यांत बिहारी होते, तमिळ होते, तेलुगू होते, आणि महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबेही होती. गेल्या शतकाअखेर नव्हे, त्याच्याही मागच्या शतकाच्या अखेरीस मळेवाल्यांनी आपल्या कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या, तेव्हा याच मजुरांनी पोटाला चिमटा घेऊन त्या विकत घेतल्या. आजचा तेथील लहान शेतकरी बव्हंशी त्यांचाच वंशज आहे. स्थानिक शेतीस उत्तेजन द्यावयाचे म्हणजे अखेर या माणसास उत्तेजन द्यावयाचे.

‘स्वदेशी पिकवा, स्वदेशी खा’ हा उपदेश त्या बेटास नवा नाही. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तांदळाची वाट बंद झाली, तेव्हा वसाहत सरकारने मळ्यांतील काही जमीन सक्तीने अन्नपिकांखाली आणविली. लोकांनी मका आणि कसावा नाइलाजाने खाल्ला, आणि युद्ध संपताच पुन्हा ऊस आला. 1975 च्या लोमे करारान्वये युरोपने पाच लाख टनांच्या घरात साखर चढ्या भावाने घेण्याची हमी दिल्यावर तर भाजीपाल्याचा विचार करण्याचे कारणच उरले नाही. ज्यास उसाचा भाव आधी ठाऊक आहे, त्याने वांग्याच्या भावाचा जुगार का खेळावा? युरोपने 2006 पासून तो भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरविला. ऊस मागे हटला, पण त्याच्या जागी अन्न आले नाही. कित्येक शेते पडीक राहिली, कित्येकांवर परदेशीय धनिकांचे बंगले उठले. मार्च 2020 च्या टाळेबंदीत मोठी दुकाने काही दिवस अजिबात बंद झाली, आणि ती उघडल्यावर आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे वार लावून माणसांना आत सोडावे लागले. त्या काळात परसातल्या भाजीची आठवण सर्वांस झाली. पुढे ती पुसट झाली, हे सांगावयास नकोच.

तरीही याच बेटावर एक पीक असे आहे की जे या सर्व निराशेस उत्तर देते. ते बटाट्याचे. उसाच्या दोन ओळींमधील रिकाम्या पट्ट्यात तेथे बटाटा घेतला जातो. नवी जमीन लागत नाही. परंतु ही युक्ती रुजली ती केवळ शेतकऱ्याच्या हुशारीने नव्हे. 1960 च्या दशकात स्थापन झालेल्या कृषी पणन मंडळाने बियाणे पुरविले, भाव आधी सांगितला, माल साठविण्याची सोय केली आणि आयात आपल्या हाती ठेवली. बियाण्याचा पुष्कळसा भाग अजून परदेशातूनच येतो, ही उणीव खरी. पण भाव ठाऊक असला की लहान शेतकरी काय करू शकतो, हे बटाट्याने दाखवून दिले.

टोमॅटो, कोबी, फरसबी यांस हे भाग्य नाही. तो माल लिलावात जातो आणि लिलाव पुकारणाऱ्या अडत्याच्या दलालीतून सुटून काय उरेल ते शेतकऱ्याचे. आपल्या वाचकांस हे चित्र परके वाटणार नाही. जानेवारी 2024 मध्ये ‘बेलाल’ चक्रीवादळ आले तसे एखादे वादळ आले की मळे झोपतात आणि भाव गगनास भिडतो. मग सर्वजण एकाच आठवड्यात लागवड करतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तोच भाव मातीस मिळतो. 2024 मध्ये तेथे तेरा लाखांहून अधिक पर्यटक आले, म्हणजे बेटावरील माणसांहून अधिक. एवढे गिऱ्हाईक दाराशी उभे असता त्यांच्या हॉटेलांस रोज ठराविक वजनाचा, ठराविक प्रतीचा माल हवा असतो, आणि तो एकेकट्या शेतकऱ्यास देता येत नाही. वीस-पंचवीस जणांनी मिळून निवड करावी, थंड कोठीत माल ठेवावा, वर्षाचा करार करावा, तर येईल. ‘स्थानिक’ म्हणून चिठ्ठी चिकटविल्याने किंवा वर्षातून एकदा प्रदर्शन भरविल्याने येणार नाही.

मॉरिशसने तांदूळ पिकवावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. काय बाहेरून निश्चित मिळेल, हे ठरले तरच काय घरी पिकवावे हे ठरविता येते, आणि येथे आपला संबंध येतो. मालदीवशी 1981 मध्ये झालेल्या व्यापार करारानुसार भारत त्या देशास तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, कांदा आदी जिनसांचा दरसाल कोटा ठरवून देतो आणि निर्यातबंदी असली तरी तो पाळतो. मॉरिशसला मात्र दर वेळी अर्ज करावा लागतो. त्या देशाशीही असाच कांद्या-तांदळाचा वार्षिक करार करण्यास दिल्लीला अडचण कोणती? तसे झाल्यास पोर्ट लुईच्या मंडळास आपल्या शेतकऱ्यांस किती कांदा लावा हे हंगामापूर्वी सांगता येईल, आणि लासलगावच्या शेतकऱ्यासही आपल्या मालापैकी निदान काही टन तरी कोणत्याही अधिसूचनेने अडणार नाहीत, हे पेरणीच्या वेळीच कळेल.