दिवाळीची टाइमशीट

ऑफिसात आपलं सगळं मोजलेलं असतं. कुठल्या प्रोजेक्टवर किती तास घातले, किती कॉल घेतले, टार्गेट किती टक्के गाठलं... शुक्रवारी टाइमशीट भरली नाही, तर सोमवारी सकाळी एचआरचा मेल हजर! त्यात दिवाळी जवळ आली की मोजामोजीला ऊतच येतो. बोनस किती, लागून सुट्ट्या किती, गावच्या गाडीला वेटिंग किती. रेल्वेचं बुकिंग नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे इकडे गणपतीची गडबड आणि तिकडे दिवाळीच्या तिकिटासाठी मोबाइलवर बोटं आपटणं, दोन्ही एकाच वेळी.

एवढी मोजायची हौस आहेच, तर यंदा एक टाइमशीट घरचीही भरून बघू या. आपल्या दिवाळीवर कुणी किती तास घातले, त्याची.

सुरुवात फराळाच्या ताटापासून करा. त्यातला अनारसा उचला. चार घासांत संपतो ना? आता मागे मोजत जा. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते निथळून कपड्यावर पसरायचे आणि जरा ओलसर असतानाच दळायचे. पीठ चाळून त्यात गूळ कालवायचा, डब्यात भरून काही दिवस मुरत ठेवायचं. त्यानंतर खसखशीवर थापून मंद आचेवर तुपात तळायचं, तेही न उलटता, झाऱ्याने वर तूप उडवत. एवढं करून पीठ बिघडलं, तर अनारसा तुपात पडल्या पडल्या फुटून पसरतो. याला आपल्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. त्या वेळी स्वयंपाकघरात बाकी कुणी हसत नाही!

चकलीचं तेच. तांदूळ, हरभराडाळ, मूगडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं भाजायचं. गिरणीत नंबर लावायचा. मग सोऱ्या घेऊन बसायचं. करंजीला तर एका माणसाचं कामच नाही. लाटायला एक, भरायला एक, कातण फिरवायला एक आणि कढईपाशी एक. म्हणूनच पूर्वी वाड्यातल्या बायका पाळीपाळीने एकमेकींकडे जाऊन करंज्या करायच्या. आता वाडे गेले, फ्लॅट आले. चार जणींचं काम बऱ्याच घरांत एकटी आई करते. आपण मध्येच स्वयंपाकघरात डोकावतो, एक गरम चकली उचलतो आणि 'आई, मस्त झालीये!' म्हणून हेडफोन लावतो.

माझा एक मित्र हिंजवडीत आयटीत आहे. दिवाळीनंतर त्याच्या डब्याची अख्खी टीम वाट बघते. गेल्या वर्षी एका दिल्लीकर मुलीने त्याला विचारलं, 'हे बनवतात कसं?' त्याला काही सांगता येईना. त्याने सरळ आईला फोन लावून स्पीकरवर टाकलं. आईनेही हौसेने सगळी कृती सांगितली. शेवटी सहज म्हणाली, 'यंदा पोटभर खाऊन घ्या रे. पुढच्या वर्षी काही जमेलसं वाटत नाही. खांदा वरच होत नाही माझा.' टीम गप्प. मित्रही गप्प. खांदा तीन वर्षं दुखत होता. घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण फराळाचे डबे दर वर्षी वेळेवर भरत होते!

आपल्याकडे घरच्यांचे आभार मानायची पद्धत नाही. आईला 'थँक्यू' म्हणून बघा. ती आधी कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल. बाबा 'किती पैसे हवेत?' असं विचारतील. पण बॉस, गंमत अशी की आभार मानायची सगळी सोय दिवाळीतच करून ठेवलेली आहे. एकेका दिवसाला एकेकाचे. आपण फक्त सेल्फी काढून पुढे जातो, म्हणून ते लक्षात येत नाही.

वसुबारस : या दिवशी गाय-वासराची पूजा. ज्यांच्यामुळे घरात दूध येतं, त्यांची आठवण. शहरात गाय नाही, पण पहाटे पाचला पिशव्या टाकणारा दूधवाला आहे, रात्रभर गेटवर बसणारा वॉचमन आहे, धुणीभांडी करणाऱ्या मावशी आहेत. घर चालतं ते यांच्याही तासांवर. बक्षिसी द्याच, पण त्यांच्या मुलांची चौकशीही करा.

धनत्रयोदशी : सोन्याच्या जाहिरातींमुळे आपल्याला यातलं 'धन' तेवढं माहीत. पण या दिवशी धन्वंतरीचीही पूजा असते आणि संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावतात, घरात कुणाला अकाली मृत्यू येऊ नये म्हणून. तो दिवा लावल्यावर पाच मिनिटं बाबांजवळ बसा. बीपीची गोळी नियमित घेतात का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, आईच्या गुडघ्यांचं काय, विचारा. 'मला काय धाड भरलीये?' हे उत्तर ठरलेलं असतं. तेवढ्यावर उठू नका.

नरकचतुर्दशी : अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी. तुम्ही पाचला डोळे चोळत उठता, तेव्हा पाणी तापलेलं असतं, तेल कोमट असतं, वाटीत उटणं कालवलेलं असतं, दारात पणत्या असतात. म्हणजे कुणीतरी चारलाच उठलेलं असतं. आणि त्या 'कुणीतरी'ला तेल कोण लावतं? बऱ्याच घरांत कुणीच नाही. ती सगळ्यांची आंघोळ उरकून शेवटी घाईघाईने दोन तांबे घेते. यंदा तिला पाटावर बसवा आणि तेल तुम्ही लावा. ती संकोचेल, चिडेलसुद्धा. पण दुखरा खांदा असला तर तो तेव्हाच कळेल.

लक्ष्मीपूजन : या दिवशी पैसे, दागिने, हिशेबाच्या वह्या यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट पुजली जाते. नवी केरसुणी. तिला हळदीकुंकू वाहतात, तिला लक्ष्मी म्हणतात. झाडूला देवघराशेजारी जागा देणारी ही प्रथा मला फार आवडते. मात्र पूजा झाल्यावर ती केरसुणी वर्षभर कुणाच्या हातात असते, तेही बघायला हवं. दुसऱ्या दिवशी फटाक्यांचा आणि रांगोळीचा कचरा काढायला ती आपण हातात घेतली, तर पूजा पूर्ण झाली म्हणायचं.

पाडवा : बायको नवऱ्याला ओवाळते, नवरा ओवाळणी घालतो. नवीन लग्न झालेल्यांना याचं भलतंच टेन्शन, कारण गिफ्टचा अंदाज चुकला की वर्षभर ऐकावं लागतं! पण दोघंही नोकरी करत असाल, तर ओवाळणीच्या पाकिटाबरोबर कामाची वाटणीही नव्याने करा. तिचे माहेरचे दिवस, तुमच्या घरचे दिवस हा वाद दर दिवाळीत होत असेल, तर तोही याच दिवशी मोकळेपणाने मिटवा.

भाऊबीज : बहीण ओवाळते, आपण तबकात पाकीट ठेवतो. आता जरा आठवा. तुम्ही बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असता, तेव्हा बाबांना डॉक्टरकडे कोण नेतं? गॅसवाल्याचा फोन कोण घेतं? आईचा मोबाइल हँग झाला की कोण धावतं? खूप घरांत उत्तर एकच, गावात राहिलेली बहीण. किंवा भाऊ, किंवा वहिनी. त्यांच्या टाइमशीटवर सही करणारं कुणी नसतं. पाकिटातली रक्कम कितीही असू दे, त्याबरोबर एवढं म्हणा, 'तू इथे आहेस म्हणून मी तिथे निर्धास्त झोपतो.' हे एक वाक्य ऐकायला काही बहिणी कित्येक वर्षं थांबलेल्या असतात.

काहींना यंदाही सुट्टी मिळणार नाही. अमेरिकेतल्या क्लायंटला दिवाळी कळत नाही, हॉस्पिटलची नाइट शिफ्ट आणि विमानतळावरची ड्युटी तर सणासुदीलाही चुकत नाही. अशा वेळी 'हॅपी दिवाली'चं स्टिकर फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. व्हिडिओ कॉल लावा आणि शुभेच्छांच्या ऐवजी प्रश्न विचारा. यंदा काय काय केलं? मदतीला कोण होतं? दमलीस का?

आणि ज्यांना घरी जायला मिळतंय, त्यांनी एक दिवस आधी पोचा. तयार फराळ खायला नव्हे, करंज्या भरायला. पहिल्या दहा करंज्या तळताना फुटतील, सारण तेलात जाईल, आई ओरडेल. ओरडू दे. हात चालू असले की माणसं बोलतात. कुणाचं काय दुखतंय, कुणाला काय खुपतंय, हे सोफ्यावर बसून कळत नाही, लाटणं हातात घेतल्यावर कळतं. जाताना अनारशाची कृतीही आईच्या अक्षरात लिहून घ्या.

शुभ दीपावली!