एका पिंपाची परीक्षा

केंटकी राज्यात क्लरमाँट येथे असलेल्या आपल्या मुख्य डिस्टिलरीतील मद्यनिर्मिती २०२६ मध्ये थांबविण्याचा निर्णय जिम बीम या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्राऊन-फॉर्मन या दुसऱ्या बड्या कंपनीने लुईव्हिल येथील पिंपे बनविण्याचा आपला कारखाना बंद करण्याची घोषणा केली होती. दोन दशके तेजीत असलेल्या अमेरिकी बर्बन उद्योगाला ओहोटी लागल्याची ही लक्षणे आहेत. केंटकीतील गोदामांत मुरत असलेल्या बर्बनच्या पिंपांची संख्या २०२५ च्या प्रारंभी १ कोटी ६० लाखांवर गेली होती. राज्याची लोकसंख्या ४५ लाखांच्या आसपास. म्हणजे दर माणशी तीनपेक्षा अधिक पिंपे!

या साठ्याचे पुढे काय होणार, या प्रश्नाचे एक उत्तर ‘सिंगल बॅरल’ अर्थात एकाच पिंपातून भरलेल्या बाटलीत दडलेले आहे. सामान्य बाटलीपेक्षा अधिक किंमत मिळवून देणाऱ्या या दोन शब्दांमागे नेमके काय असते आणि काय नसते, हे म्हणूनच तपासून पाहायला हवे.

मंदीतून जन्मलेली कल्पना

अमेरिकी काँग्रेसने १९६४ मध्ये बर्बनला त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. मात्र पुढच्याच दशकात नव्या पिढीने व्होडकासारख्या सौम्य मद्यांना पसंती दिली आणि बर्बनची मागणी घसरली. या पडत्या काळात फ्रँकफर्ट येथील डिस्टिलरीचे (आजची बफेलो ट्रेस) प्रमुख एल्मर टी. ली यांनी १९८४ मध्ये ‘ब्लँटन्स’ बाजारात आणली. एकाच पिंपातील मद्य म्हणून व्यापारी तत्त्वावर विकली गेलेली ही पहिली बर्बन मानली जाते. तेथील जुने प्रमुख कर्नल अल्बर्ट ब्लँटन आपल्या पाहुण्यांसाठी खास पिंपे बाजूला काढत असत, असे सांगितले जाते. त्याच प्रथेला ली यांनी बाजारपेठेचे रूप दिले.

निवड कशी होते?

बर्बनचे नियम कडक आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. अर्क आतून जाळलेल्या, कोऱ्या ओक लाकडाच्या पात्रातच ठेवावा लागतो. पिंपात भरताना त्याची तीव्रता १२५ प्रूफहून, म्हणजे ६२.५ टक्के मद्यार्काहून अधिक चालत नाही. अमेरिकेत प्रूफचा आकडा मद्यार्काच्या टक्केवारीच्या दुप्पट असतो. ‘स्ट्रेट बर्बन’ म्हणवून घ्यायचे तर किमान दोन वर्षे मुरवणे आवश्यक असते आणि त्यात पाण्याखेरीज काहीही मिसळता येत नाही.

नियम समान असले तरी पिंपे समान नसतात. सुमारे २०० लिटरचे प्रत्येक पिंप वेगवेगळ्या झाडांच्या फळ्यांचे बनलेले असते. शिवाय केंटकीतील अनेक गोदामे बहुमजली असून त्यांत तापमान कृत्रिमरीत्या राखले जात नाही. वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात भट्टीसारखी उष्णता असते. तेथे पाणी वेगाने उडते, मद्यार्काची तीव्रता वाढते आणि लाकडाचा रंग व तुरटपणा लवकर उतरतो. तळमजल्यावर हीच प्रक्रिया संथ चालते. एकाच दिवशी भरलेली दोन पिंपे आठ वर्षांनी दोन निराळी मद्ये होऊन बाहेर पडतात, ती यामुळेच.

नेहमीच्या बाटलीसाठी अनेक पिंपे एकत्र करून हे फरक पुसले जातात. एकाची उणीव दुसरे झाकते. एकट्या पिंपाला मात्र ही सोय नाही. त्यामुळे गोदामातून नमुने काढून, त्यात पाणी घालून ते सौम्य केले जातात आणि मग हुंगून व चाखून पाहिले जातात. लाकडाचा अतिरेक, कडवटपणा, बुरसट वास असे दोष असलेली पिंपे येथेच बाद होतात. मोठे दुकानदारही डिस्टिलरीत जाऊन काही नमुन्यांमधून स्वतःसाठी एक पिंप निवडतात. कोणतेही यंत्र हा निर्णय घेत नाही. शेवटचा शब्द माणसाच्या नाकाचा आणि जिभेचा असतो.

पाण्याचा हिशेब

निवडीनंतर पिंपाचे बूच काढून मद्य ओतले जाते आणि त्यातील कोळशाचे कण गाळले जातात. पुढचा टप्पा पाण्याचा. खनिजे काढलेले पाणी घालून मद्य ठरलेल्या तीव्रतेवर आणले जाते. द्रवघनता व तापमान मोजून मद्यार्काचे प्रमाण निश्चित केले जाते, कारण लेबलवरील आकड्यापासून ०.३ टक्के बिंदूंहून अधिक फरक अमेरिकी नियमांत बसत नाही.

येथे साधे गणित मांडून पाहू. बाष्पीभवनानंतर पिंपात १५० लिटर मद्य उरले असून त्यात ६० टक्के मद्यार्क आहे, असे धरू. पाणी न घालता ७५० मिलिलिटरच्या २०० बाटल्या भरतील. ब्लँटन्सप्रमाणे ते ४६.५ टक्क्यांवर आणल्यास सुमारे २५८ आणि कायद्याने ठरविलेल्या किमान ४० टक्क्यांवर आणल्यास सुमारे ३०० बाटल्या होतील. पिंप एकच, परंतु बाटल्या दीडपट! तिन्ही वेळा लेबलवर ‘सिंगल बॅरल’ असेच छापता येते. पाणी घालणे ही फसवणूक नव्हे, काही मद्यांचा स्वाद त्यामुळे खुलतोही. मात्र ग्राहक नेमके कशाचे पैसे मोजतो, हे या आकड्यावरून कळते.

कमी तीव्रतेचे मद्य थंडीत गढूळ दिसते. ते टाळण्यासाठी अनेक उत्पादक मद्य थंड करून पुन्हा गाळतात. त्यातून चवीला दाटपणा देणारे काही घटक निघून जातात, अशी जाणकारांची तक्रार असते. अखेरीस एक पिंप संपल्यावर नळ्या रिकाम्या करूनच दुसरे घ्यावे लागते, अन्यथा ‘एकच पिंप’ या दाव्याला अर्थ राहत नाही.

शब्द मोठा, व्याख्या नाही

खरा पेच पुढेच आहे. ‘बॅरल प्रूफ’ असे छापायचे तर बाटलीतील तीव्रता पिंपातील तीव्रतेपेक्षा दोन प्रूफहून अधिक खाली नसावी, असे अमेरिकी लेबल-नियम सांगतात. ‘सिंगल बॅरल’ची व्याख्या मात्र त्यांत नाही. दुसऱ्या डिस्टिलरीकडून विकत घेतलेले पिंपही या नावाने विकले जाते.

साठा वाढलेला असताना या पोकळीला महत्त्व येते. कोऱ्या, जळक्या ओकमध्ये बर्बन अनंत काळ थांबू शकत नाही. लाकूड हळूहळू चवीवर कुरघोडी करते. दरवर्षी बाष्पीभवनाने माल घटतो. मुरत असलेल्या पिंपांवर केंटकीत मालमत्ता कर आहे. तो टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला असला, तरी पूर्ण मुक्ती २०४३ मध्ये मिळणार आहे. त्यातच मार्च २०२५ मध्ये कॅनडातील बहुतेक प्रांतांनी आयातशुल्काच्या वादातून अमेरिकी मद्ये दुकानांतून हटवली. अशा दबावाखाली निवडीचा निकष थोडा सैल करण्याचा मोह कंपन्यांना होऊ शकतो. पूर्वी शंभरातून एक पिंप निवडणाऱ्याने आता पाच निवडली, तरी लेबल बदलणार नाही.

भारतीय ग्राहकाशीही याचा संबंध आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरील आयातशुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणले. महाराष्ट्राने त्याआधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, आयात मद्यावरील उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्के केले होते. नव्या बाजारपेठा शोधणाऱ्या कंपन्यांचे लक्ष मुंबई-पुण्याकडे वळणे त्यामुळे स्वाभाविक ठरते. एवढे शुल्क भरून बाटली घेणाऱ्याने दोन शब्दांवर विसंबून राहू नये. पिंपाचा क्रमांक, भरण्याची तारीख, वय, प्रूफ आणि मूळ डिस्टिलरीचे नाव या पाच गोष्टी लेबलवर पाहाव्यात. ज्या उत्पादकाने खरोखर निवड केली आहे, त्याला त्या छापण्यात अडचण येण्याचे कारण नाही.