चित्रकाराचे दान आणि शाळेचे देणे

चित्रकाराने समाजकार्याला हातभार लावावा, ही अपेक्षा आपल्याकडे नेहमीचीच आहे. शाळेचे स्नेहसंमेलन असो, पूरग्रस्तांसाठी निधी असो, की रुग्णालयातील बालविभागाची भिंत असो. ‘दोन चित्रे काढून द्या, तुमचेही नाव होईल,’ हा निरोप ठरलेला. गवयाला निदान बिदागी विचारली जाते. पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्याला पुष्कळदा तेही नाही. आता ह्या जुन्या सवयीचा नव्याने विचार करणे भाग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शाळेत किंवा शाळासमूहात काही काळ राहून काम करणारा कलावंत असावा, असे उद्दिष्ट ठेवले आहे. आणि त्याच सुमारास, शब्दांत वर्णन केले की क्षणात चित्र काढून देणारी यंत्रे सर्वांच्या हाताशी आली आहेत. तेव्हा आपल्याला शाळेत चित्रकार हवा आहे की नुसती चित्रे, हे एकदा ठरवलेले बरे.

ह्या बाबतीत इंग्लंडमधील क्वेंटिन ब्लेक यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. रोआल्ड डाल यांच्या बालकथांमधली काटकुळी, केस विस्कटलेली, सदा धावपळीत असलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा हात ओळखीचा आहे. १९३२ साली जन्मलेल्या ब्लेक यांचे पहिले चित्र ‘पंच’ साप्ताहिकात आले, तेव्हा ते शाळेत जाणारे सोळा वर्षांचे पोर होते. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले आणि १९७८ ते १९८६ या काळात तेथील पुस्तकचित्रण विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. हा तपशील मी मुद्दाम देतो. त्यांचे जे लोककार्य पुढे गाजले, त्याच्या मुळाशी नियमित अध्यापनाची आणि पुस्तकांच्या उत्पन्नाची बैठक होती. दाता आधी स्वतःच्या पायांवर उभा असावा लागतो.

१९९९ साली इंग्लंडमध्ये ‘चिल्ड्रन्स लॉरिएट’ हे पद निर्माण झाले. बालसाहित्यातील लेखकाने अथवा चित्रकाराने दोन वर्षे मुलांमध्ये वाचनाची गोडी वाढवण्यासाठी हिंडावे, बोलावे, लिहावे, अशी ही योजना. पहिले नाव ब्लेक यांचे. पदाला मानधन जोडलेले आहे, हेही लक्षात घ्यावे. मुलांसाठी हिंडणाऱ्या माणसाने पदरमोड करावी, असे तेथे कोणी गृहीत धरले नाही.

ह्या काळाच्या शेवटी, २००१ साली, लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात त्यांनी एक प्रदर्शन मांडले. इंग्रजी वर्णमालेच्या २६ अक्षरांप्रमाणे २६ चित्रकारांची २६ चित्रे. जुन्या थोर चित्रकारांच्या शेजारी पुस्तकांचे चित्रकार, आणि चित्राखाली अर्थ सांगणारी पाटी नाही. ब्लेक यांनी भिंतींवर रेखाटलेली मुलेमाणसे मात्र त्या चित्रांकडे पाहून कुजबुजत, प्रश्न विचारत उभी होती. पाहणाऱ्या मुलाने चित्रातली गोष्ट आपली आपण शोधावी, एवढाच हेतू. आपल्या शाळांची प्रदर्शने आठवून पाहावीत. तेथे पारितोषिकांच्या चिठ्ठ्या ठळक असतात आणि मुले चित्राऐवजी क्रमांक पाहून पुढे सरकतात.

तिसरे काम रुग्णालयांतले. ह्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ब्लेक यांनी अनेक उपचारकेंद्रांच्या भिंतींसाठी चित्रे केली. मानसिक आजार झालेल्या वृद्धांच्या विभागात झाडाच्या फांद्यांवर मजेत बसलेली म्हातारी माणसे. फ्रान्समधील आंझे शहराच्या प्रसूतिगृहात पाण्याखाली पोहत एकमेकांना भेटणाऱ्या आया आणि तान्ही बाळे. रोग्याला रोगाची आठवण करून देणारे त्यात काही नाही. तेथे कोण राहते, त्याला कशाची भीती वाटते, ह्याचा विचार करून ती योजलेली आहेत. भिंत रिकामी दिसते म्हणून ससा-हरीण रंगवणे निराळे आणि हे निराळे. पुढे २०१४ साली लंडनमध्ये केवळ पुस्तकचित्रणासाठी वाहिलेली एक धर्मादाय संस्था स्वतःच्या दालनात उभी राहिली, तिच्या स्थापनेतही ब्लेक यांचा पुढाकार होता.

येथे कोणी म्हणेल, हे लंडनचे वैभव. त्याचा बडोद्याला काय उपयोग? परंतु बडोदेकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. कलाभवन १८९० चे, संग्रहालय १८९४ चे. सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले ते १९०६ साली. १९१० नंतर अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या मार्गदर्शनाखाली पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या; त्याच खात्याची एक शाखा चित्रे आणि पडद्यावरील खेळ घेऊन गावोगाव जात असे. सयाजी बालज्ञानमालेतून मुलांसाठी पुस्तके निघाली. ह्यांतील एकही गोष्ट वर्गणीच्या पावतीवर चाललेली नव्हती. सयाजीराव महाराजांनी मुलांपर्यंत पुस्तक आणि चित्र पोचवणे हे राज्याचे कर्तव्य मानले व त्यासाठी खजिन्यातून तरतूद केली. १९५० पासून विद्यापीठाची ललितकला शाखाही ह्याच शहरात आहे. चित्रकारांची वाण येथे कधीच नव्हती.

अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षकाची तरतूद आहे. पण तो अर्धवेळ, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. ज्या मराठी शाळांचा पट रोडावला आहे, त्यांना हा नियम काहीच देत नाही. मग वर्षभर चित्रकलेचा तास गणिताला द्यायचा आणि संमेलनाच्या आठवड्यात एखाद्या भल्या चित्रकाराला हात जोडून बोलवायचे, असा क्रम पडतो. चित्रकाराचे दान अशा वेळी शाळेची उणीव झाकते आणि झाकलेली उणीव वर्षानुवर्षे तशीच राहते. दानाची ही बाजू आपण ध्यानात घेत नाही.

यंत्राच्या चित्रांचा मोह येथेच पडतो. पत्रक सजवायला यंत्र पुरेसे वाटेल, खर्चही वाचेल. पण पाचवीतली मुलगी घोड्याचा पाय चुकीच्या जागी काढते, तेव्हा तिच्या शेजारी बसून ‘हा घोडा कुठे निघाला आहे?’ असे विचारणारा माणूसच लागतो. ब्लेक यांच्या साऱ्या खटाटोपाचे सार मला ह्यातच दिसते. चित्र ही वस्तू नव्हे, दोन माणसांमधला तो व्यवहार आहे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. आपल्या शहरातील मराठी संस्थांनी चार-पाच शाळांचा गट करून एका पुस्तकचित्रकाराला निदान एका सत्रासाठी मानधन देऊन नेमावे. वर्षातून एक प्रदर्शन असे भरवावे, की ज्यात क्रमांक नसतील आणि चित्रे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेली असतील. मदतनिधीसाठी चित्रे मागताना विक्रीतला ठरावीक वाटा चित्रकाराला द्यावा, चित्राचा हक्क त्याच्याकडेच ठेवावा आणि जमाखर्च जाहीर करावा. एवढे केल्यावर त्याने आपला वाटा परत निधीत घातला, तर ते खरे दान. त्याच्याकडून फुकट करून घेतलेल्या कामाला दान म्हणणे सयाजीनगरीला शोभत नाही.