कोल्हापूरचा कॅमेरा

जुना कॅमेरा आज शोभेच्या कपाटात विराजमान होतो. त्याच्या पितळी कडा घासून लखलखीत केल्या जातात. परंतु तो चालत कसा असे, हे विचारणारा पाहुणा विरळाच. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या कॅमेऱ्याचीही आपण हीच गत केली आहे. 'स्वदेशी कॅमेरा' हे बिरुद लावले, की आपले कर्तव्य संपले!

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणला व पुढील वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे नात्याने भाऊ असलेले दोन चित्रकार नाटकांचे पडदे रंगवीत असत. त्यांनी मात्र यंत्रच स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. तरीही काम थांबले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्याने बाबूरावांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध केला.

हे काम किती अवघड होते, ते समजून घेतले पाहिजे. चित्रपटाची फीत कॅमेऱ्यात अखंड धावत नाही. प्रत्येक चित्रासाठी ती क्षणमात्र निश्चल राहावी लागते आणि झडप मिटलेली असतानाच नेमकी चार छिद्रे पुढे सरकावी लागते. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे, सेकंदाला साधारण दोन फेरे. म्हणजे सेकंदात सोळा वेळा हे थांबणे आणि सरकणे. खिट्टी केसभर चुकली तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. बेंगळूरच्या राजाजीनगरातील औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या एखाद्या जाणत्या कारागिराला विचारावे. मोजमापाची ही शिस्त तो आम्हां भाषेच्या पंडितांपेक्षा अधिक नेमकेपणाने सांगेल.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

कोणी म्हणेल, एका कॅमेऱ्याचे एवढे कौतुक कशाला? अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्येच कोडॅक कॅमेरा बाजारात आणला होता आणि १९०० साली त्यांचा ब्राउनी अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. कोल्हापुरात तसा कारखाना उभा राहिला नाही, हे खरेच आहे. परंतु या दोहोंची तुलना मला अन्यायाची वाटते. ईस्टमन यांनी ग्राहकाला यंत्राच्या अंतरंगाची चिंता करण्यापासून मुक्त केले. कोल्हापुरात ते अंतरंगच हाती घेतले गेले. त्या हातांपैकी दामले यांनी १९२९ मध्ये सहकाऱ्यांसह 'प्रभात' स्थापन केली आणि १९३६ मध्ये फत्तेलाल यांच्यासमवेत 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला.

आपल्या इतिहासलेखनात पदवी लक्षात राहते, खिट्टी विसरली जाते. पाठ्यपुस्तकात बाबूरावांचे छायाचित्र अवश्य छापावे. पण त्याच पानावर कॅमेऱ्यातील फितीचा मार्ग दाखविणारी एक आकृती असावी, आणि तिच्या शेजारी आनंदराव व दामले यांची नावे.