रक्त दोघांचेही तपासा

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या भागांत सिकलसेल हे नाव घरोघरी ठाऊक आहे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा बांधवांत हा आजार फार. त्यामुळे ‘हे डोंगरातले दुखणे, आपला काय संबंध?’ असे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. संबंध आहे. विदर्भातील बौद्ध कुटुंबांतही सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि सोयरिकी आपण दूरदूर करतो.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे ठणकतात, अंगात रक्त टिकत नाही. एकाच पालकाकडून दोष आला तर माणूस नुसता वाहक. तो ठणठणीत दिसतो. नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणजे दोष दोन्हीकडून यावा लागतो. तरी बोल सुनेलाच! नवऱ्याचे रक्त तपासायला मात्र कोणी नेत नाही. मामाची मुलगी करण्याची चाल जिथे अजून आहे, तिथे तर तपासणी लग्नाआधीच हवी. सरकारी दवाखान्यात थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. दोष दिसला तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करतात.

रुग्ण भगिनीने आई होऊच नये असे मुळीच नाही. पण दिवस राहण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू असेल तर ती गरोदरपणी चालत नाही. केव्हा थांबवायची ते तेच सांगतील. फॉलिक ॲसिड घ्यावे, पाणी भरपूर प्यावे, लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. अंगमेहनत आणि थंडी टाळावी, असेही सांगतात. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बाईने ते कसे टाळावे? कामकरी बाईला बाळंतपणात पगारी विसावा मिळावा, म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. तिला तो अजून मिळालेला नाही. निदान तपासणीचा कागद तिने सोबत ठेवावा. ताप, धाप किंवा छातीत दुखू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळंतपण घरी नको, रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे.

बाळाचे रक्तही जन्मानंतर लवकर तपासून घ्यावे. सहा महिन्यांनंतर त्याचे हातपाय सुजून ते रडू लागले, तर नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळीत बसू नका. डॉक्टरांना ‘सिकलसेल तपासा’ असे सांगा.